अंतराळातल्या घराचं वायरिंग कसं बदललं



मार्च २०२५ मध्ये सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनी अंतराळातून परत आली, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळ जणांनी टीव्हीसमोर बसून ते पाहिलं असेल. त्यानंतर मला फोनवर बरेच प्रश्न आले. ठाण्याची मावसबहीण म्हणाली, "अगं, एवढं मोठं घर वर नेलं कोणी? आणि तिथे लाइट कुठून येते?" अश्दोदला राहणाऱ्या माझ्या दिरांचा प्रश्न आणखी सरळ होता, "लाइट गेली तर काय करतात?"

मी शास्त्रज्ञ नाही. जनरल नर्सिंगचा डिप्लोमा आणि वॉर्डातली आयुष्यभराची नोकरी, एवढंच माझं भांडवल. आता निवृत्तीनंतर मी कतारला, दोहाच्या अबू हमूर भागात मुलीकडे असते. वेळ भरपूर आहे, आणि नातू लागेल ते इंटरनेटवरून वाचायला काढून देतो. वाचता वाचता दिरांच्या प्रश्नाचं उत्तर मला एका मोहिमेत सापडलं. डिसेंबर २००६ ची ही मोहीम म्हणजे सुनीताची पहिली अंतराळ सफर. नाव एसटीएस-११६, यान डिस्कव्हरी. या मोहिमेचं मुख्य काम होतं चालू घराचं वायरिंग बदलणं, आणि तेही घरातल्या माणसांचा श्वास न थांबवता.

आधी घर समजून घेऊ

हे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक एकाच वेळी वर गेलेलं नाही. पहिला भाग रशियाने २० नोव्हेंबर १९९८ ला सोडला. दोन आठवड्यांनी अमेरिकेच्या एंडेव्हर शटलने दुसरा भाग नेऊन त्याला जोडला. शटल म्हणजे पंख असलेलं, परत येणारं यान. त्याच्या पोटात सुमारे १८ मीटर लांबीची मोकळी जागा असे. त्यातून एकेका फेरीत एकेक खोली, एकेक तुळई वर जायची, आणि अंतराळवीर बाहेर पडून ती जोडायचे. २ नोव्हेंबर २००० पासून तिथे माणसं राहतात. त्या दिवसापासून आजपर्यंत ते घर एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही.

स्थानक ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरतं. दोहा ते मुंबई एवढं अंतर ते पाच मिनिटांत कापतं. दीड तासात एक फेरी, म्हणजे दिवसाला साधारण सोळा सूर्योदय आणि सोळा सूर्यास्त. त्या वेगामुळेच ते टिकतं. पृथ्वी त्याला सतत खाली ओढते, पण ते इतक्या जोरात पुढे जातं की पडता पडताच पृथ्वीला वळसा घालतं.

विजेसाठी त्याला मोठमोठे सौर पंख आहेत. एकेक पंख सुमारे ३५ मीटर लांब. उन्हात असताना ते वीज करतात आणि बॅटऱ्याही भरतात, सावलीत गेलं की बॅटरीवर चालतं. तिथे वीज फक्त दिव्यांसाठी लागत नाही. हवा खेळती ठेवणारे पंखे, श्वासातला कार्बन डायऑक्साइड काढणारं यंत्र, उष्णता बाहेर टाकणारे पंप, जमिनीशी बोलण्याची सोय, सगळं विजेवर. आपल्या घरातली लाइट गेली तर आपण मेणबत्ती लावून बसतो. तिथे वीज गेली आणि आलीच नाही, तर आत राहता येणार नाही.

सहा वर्षांचं तात्पुरतं कनेक्शन

नवीन सोसायटीत राहायला गेलेल्यांना ठाऊक आहे, मीटर येईपर्यंत बिल्डर तात्पुरतं कनेक्शन देतो. स्थानकाचं तसंच झालं होतं. डिसेंबर २००० मध्ये सौर पंखांची पहिली मोठी जोडी वर नेली. तिची कायमची जागा लांब तुळईच्या टोकाला होती, पण तुळईच अजून तयार नव्हती. म्हणून ती स्थानकाच्या मधोमध, डोक्यावर उभी केली आणि तिच्यातून वीज घेतली. पुढे २००२ मध्ये तुळईचा मधला भाग गेला. त्यात कायमच्या वायरिंगचे मुख्य स्विच बसवलेले होते. पण ते चालू करायची वेळ आली नाही, कारण मधे एक मोठा घात झाला.

१ फेब्रुवारी २००३, शब्बाथचा दिवस. कोलंबिया यान परत येताना आकाशातच फुटलं आणि सात जण गेले. त्यात हरियाणातल्या कर्नालची कल्पना चावला होती आणि इस्राएलचे पहिले अंतराळवीर इलान रामोन होते. जगाला तो एक अपघात होता. आपल्या घरांत मात्र त्या दिवशी दोन्हीकडची माणसं गेली, एक जन्मभूमीची आणि एक इस्राएलची. माझ्या सासूबाईंनी रात्रभर दिवा ठेवला होता, हे मला आजही आठवतं.

ती मोहीम स्थानकाची नव्हती, पण तिच्यामुळे स्थानकाचं बांधकाम थांबलं. उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरचा फेसाचा तुकडा सुटून पंखावर आदळला होता, आणि तिथल्या भोकातून परतीच्या वेळी जळता वायू आत शिरला. शटल अडीच वर्षं जमिनीवर राहिली. तोवर स्थानकावर तिघांऐवजी दोघंच ठेवले, कारण तेवढ्यांनाच पुरेल एवढं सामान रशियन यानं नेऊ शकत होती. सप्टेंबर २००६ मध्ये बांधकाम परत सुरू झालं, सौर पंखांची दुसरी जोडी बसली. डिसेंबरमध्ये सुनीताच्या मोहिमेची पाळी आली.

कोण कोण गेलं

मोहिमेचे कमांडर होते मार्क पोलान्स्की. त्यांचे वडील यहुदी. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियममध्ये एक खेळण्यातलं अस्वल आहे. पोलंडमध्ये नाव बदलून, लपून वाचलेल्या एका मुलीचं ते अस्वल, त्याचं नाव 'रेफ्यूजी'. त्याच अस्वलाची प्रतिकृती पोलान्स्की आपल्यासोबत वर घेऊन गेले होते. त्यांच्याबरोबर विल्यम ओफेलिन, निकोलस पॅट्रिक, जोन हिगिनबॉथम, रॉबर्ट करबीम, स्वीडनचे पहिले अंतराळवीर क्रिस्टर फुग्लेसांग आणि आपली सुनीता. तिचे वडील डॉ. दीपक पंड्या मूळ गुजरातमधल्या झुलासणचे. जर्मनीचे थॉमस रायटर तिथे मुक्कामाला होते, त्यांना परत आणायचं आणि त्यांच्या जागी सुनीताने सहा महिने राहायचं, असा बेत होता. आमच्या भाषेत ड्यूटी बदलली.

पहिला प्रयत्न ढगांमुळे फसला. मग यान सुटलं ते फ्लोरिडाच्या वेळेप्रमाणे ९ डिसेंबरला रात्री ८ वाजून ४७ मिनिटांनी. म्हणजे तिथला शब्बाथ संपल्यावर. दोहात तेव्हा १० तारखेची पहाट होती, पावणेपाच वाजले होते. सगळं शहर आशियाई खेळांत गुंतलेलं होतं. ते खेळ इथे १ ते १५ डिसेंबर चालले होते. मुंबईत सकाळचे सव्वासात झाले होते. मी तेव्हा मुंबईतच नोकरीवर होते, आणि ही वेळ रात्रपाळीकडून ओव्हर घेण्याची.

कोलंबियानंतर रात्री झालेलं हे पहिलंच उड्डाण. आधी मुद्दाम दिवसाच सोडत होते, कारण फेसाचा तुकडा सुटला तर कॅमेऱ्यात दिसायला उजेड हवा. यान वर पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी यांत्रिक हाताला लांब दांडा लावून पंख आणि नाक यांची बारकाईने तपासणी केली. रुग्ण आल्याबरोबर डोक्यापासून पायापर्यंत बघायचं, असं आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. सात जीव गेल्यावर नासाने तो नियम कायमचा केला.

अर्धा वॉर्ड बंद, अर्धा चालू

११ डिसेंबरला यान स्थानकाला जाऊन जोडलं. १२ तारखेला करबीम आणि फुग्लेसांग बाहेर पडले. तुळईचा एक छोटा जोड-तुकडा बसवायचा होता, वजन सुमारे १८०० किलो, किंमत १ कोटी १० लाख डॉलर. शटलच्या यांत्रिक हाताने तो पोटातून उचलला, स्थानकाच्या यांत्रिक हाताकडे दिला, आणि तो काही इंचांच्या फटीतून सरकवत जागेवर नेला. आत बसून हात चालवणाऱ्यांना सगळी फट दिसत नव्हती, म्हणून बाहेरचे दोघं बोलून सांगत होते, थोडं इकडे, थोडं तिकडे. ऑपरेशनच्या टेबलावर रुग्णाला सरकवताना चौघं जण जसं एकमेकांना सांगतात, अगदी तसं.

मग खरं काम आलं. डोक्यावरच्या तात्पुरत्या जोडणीतून घर काढायचं आणि तुळईतल्या कायमच्या वायरिंगवर आणायचं. २००२ पासून वर असलेले ते मुख्य स्विच तोवर एकदाही चालवलेले नव्हते. ते चालतील का, हे चालू केल्याशिवाय कळणार नव्हतं. शिवाय चालू केले की ते तापतात, म्हणून थंड करणारे अमोनियाचे पंपही त्याच वेळी पहिल्यांदा सुरू करायचे होते.

हे कसं करायचं? इथे मला आमचा एक जुना प्रसंग आठवतो. १९८० च्या दशकात आमच्या अतिदक्षता विभागाचं जुनं वायरिंग बदलायचं होतं. रुग्ण दुसरीकडे हलवण्यासारखे नव्हते. तेव्हा आमच्या मेट्रनबाईंनी इंजिनिअरला सांगितलं, अर्धा वॉर्ड आज, अर्धा परवा. आज ज्या बाजूला काम, तिथले रुग्ण दुसऱ्या बाजूला घेतले. प्रत्येक व्हेंटिलेटरपाशी एक नर्स हातात अंबू बॅग घेऊन उभी. वीज नाहीच आली तर हाताने श्वास द्यायचा. कुठलं बटण कोण बंद करणार, कोण परत लावणार, हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं होतं. काम झालं, कुणाला काही झालं नाही, आणि म्हणूनच त्या दिवसाबद्दल बाहेर कुणालाच कळलं नाही.

स्थानकावर नेमकी हीच पद्धत वापरली. १४ डिसेंबरला अर्ध्या घराची वीज जमिनीवरून बंद केली. उरलेल्या अर्ध्यावर आतली माणसं. बाहेर करबीम आणि फुग्लेसांग यांनी जुन्या जागेचे प्लग काढून नव्या जागी लावले. मग ह्यूस्टनहून एकेक स्विच लावला. स्विच चालले, पंप चालले. पाच तासांत ते दोघं आत आले. १६ तारखेला दुसरा अर्धा भाग. या वेळी करबीमबरोबर सुनीता बाहेर पडली. तिच्या आयुष्यातलं ते पहिलंच अंतराळचालणं. साडेसात तास ते चाललं. त्या दिवसापासून स्थानकाचं कायमचं वायरिंग सुरू झालं.

सांगायला सोपं वाटतं. पण हातात फुगलेले जाड मोजे, पायाखाली जमीन नाही, दर पाऊण तासाने दिवस आणि रात्र, आणि प्लग चुकीचा लागून चालणार नाही. मोजे घालून शीर शोधणाऱ्या माझ्या नर्स मैत्रिणींना याचा अर्थ जास्त सांगायला नको.

अडकलेला पंख

यात एक अडचण उभी राहिली. नवे पंख सूर्याबरोबर फिरायला हवेत, आणि मधोमध उभा असलेला जुना पंख त्यांच्या वाटेत येत होता. त्याची घडी करायची होती. हार्मोनियमच्या भात्यासारखी त्याची घडी होते. पण तो भाता सहा वर्षं पसरलेलाच होता. १३ डिसेंबरला आतून हुकूम दिले तर पंख थोडा मिटला आणि वाकडा झाला. परत थोडा उघडला, परत मिटला. असं चाळीसहून जास्त वेळा केलं. तारा त्यांच्या कड्यांत अडकत होत्या. अर्ध्यावर येऊन तो थांबला. नवे पंख फिरायला तेवढी जागा पुरली, पण अर्धा मिटलेला पंख तसाच सोडणं धोक्याचं होतं.

जोर लावून ओढलं असतं तर फाटला असता. १६ तारखेला वायरिंग झाल्यावर करबीम आणि सुनीता यांनी त्याची पेटी हाताने हलवून पाहिली, अजून काही घड्या पडल्या. शेवटी बेतात नसलेलं एक जादा चालणं १८ डिसेंबरला ठरवलं. पंखातून वीज वाहत होती, उन्हात ती बंद करता येत नाही, म्हणून हत्यारांना विजेपासून वाचवणारी पट्टी गुंडाळली. फुग्लेसांग पेटी हलवत होते, करबीम अडकलेली तार सोडवत होते, आतून एकेक घडी मिटवत होते. संध्याकाळपर्यंत पंख मिटला. करबीम एकाच मोहिमेत चार वेळा बाहेर पडले; शटलच्या मोहिमांत तसं पहिल्यांदाच झालं. चारही वेळा मिळून २५ तास ४५ मिनिटं.

या जादा दिवसामुळे परतीची शिल्लक कमी झाली. फ्लोरिडात ढग आणि पाऊस, म्हणून न्यू मेक्सिकोतली धावपट्टीही तयार ठेवली होती. शेवटी २२ डिसेंबरला आभाळ उघडलं आणि यान फ्लोरिडातच उतरलं. भारतात शनिवार २३ तारखेची पहाट होती, चार वाजून दोन मिनिटं. त्या वर्षी आपल्या हनुक्काचा पहिला दिवा १५ डिसेंबरला आणि आठवा २२ ला लागला होता. म्हणजे वर दुसऱ्या अर्ध्याचं वायरिंग झालं ते पहिल्या दिवसाला, आणि माणसं सुखरूप खाली आली ती आठव्या दिवसाला. यात मी चमत्कार शोधत नाही. पण दिवा लावणं आणि दिवा न विझू देणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे हनुक्का पाळणाऱ्यांना सांगायला नको.

डॉक्टरांनी घातलेले टाके

त्या पंखाची गोष्ट इथे संपत नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये तो मधोमधून उचलून तुळईच्या टोकाला, त्याच्या कायमच्या जागी नेला. सुनीताच्या मोहिमेत बसवलेला तो छोटा तुकडा याच कामासाठी होता. तिथे पंख परत उघडताना तारेत अडकून फाटला. तेव्हा शटलच्या कमांडर पामेला मेलरॉय आणि स्थानकाच्या कमांडर पेगी व्हिटसन होत्या, दोन्हीकडे बायका. आतल्या लोकांनी हाताशी असलेल्या तारा आणि पट्ट्यांची पाच बंधनं बनवली. ३ नोव्हेंबरला स्कॉट पॅराझिन्स्की लांब दांड्याच्या टोकावर उभे राहून तिथपर्यंत गेले, अडकलेली तार कापली आणि ती पाच बंधनं भोकांतून ओवली. पॅराझिन्स्की शिक्षणाने डॉक्टर. मी तर त्याला टाकेच म्हणते. पंख पूर्ण उघडला. जून २०२१ मध्ये त्याच्या पुढे नवा, गुंडाळी उलगडणारा पंख बसवला, पण जुनाही तिथेच आहे.

कायमचं वायरिंग झाल्यामुळेच २००८ मध्ये युरोपची आणि जपानची प्रयोगशाळा स्थानकाला जोडता आली. आज तिथे नेहमी सात जण राहतात. २०२४ मध्ये सुनीता आठ दिवसांसाठी गेली आणि नऊ महिने राहिली. तेव्हा ज्या वायरिंगमधून तिच्या खोलीत वीज येत होती, त्याचे प्लग तिने स्वतः अठरा वर्षांपूर्वी लावायला हात दिला होता.

तुम्हीही बघा

स्थानक दोहा, मुंबई, अलिबाग, अश्दोद, दिमोना, सगळीकडून दिसतं. दुर्बीण लागत नाही. सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी, साधारण दीड तासाच्या आत बघायचं. कारण तेव्हा आपल्याकडे अंधार असतो आणि एवढ्या उंचीवर अजून ऊन असतं. लुकलुकत नाही, लाल-हिरवे दिवे नाहीत, पांढरा ठिपका शांतपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. अबू हमूरला विमानंही खूप दिसतात, पण त्यांचे दिवे मिचमिचतात. चार ते सहा मिनिटं दिसतं. मधेच गायब झालं तर घाबरू नका, ते पृथ्वीच्या सावलीत गेलं. वेळ हवी असेल तर नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' या सेवेवर गावाचं नाव घालायला नातवंडांना सांगा.

आणि एका जुन्या नर्सचं ऐका. गच्चीवर अंधारात एकटं जाऊ नका. जिन्यात कठडा धरा, बीपीची गोळी घेत असाल तर मान एकदम वर करू नका, शक्य असेल तर खुर्चीत टेकून बसा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सपाता घालून जिना चढू नका.

ठिपका दिसला की दिरांच्या प्रश्नाचं उत्तर आठवा. लाइट गेली तर काय करतात? लाइट जाऊच देत नाहीत. अर्धी बाजू बंद, अर्धी चालू, आणि कोण काय करणार ते आधी कागदावर.

सर्वांना शालोम. तब्येत सांभाळा.